पुरं तिकीट

साडेनऊची एक्स्प्रेस पस्तीस रुपये घेते,
सातची पॅसेंजर पंधरा.
दोघींचे रूळ तेच, जंगल तेच,
सौंदडच्या पुढची माकडंही तीच.
म्हणून मी पाचला उठते,
रात्रीचा भात जवसाच्या चटणीसोबत फडक्यात बांधते,
खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन ठेवलेली असते
तिच्यात काळा चहा भरते,
आणि शेवंताच्या पोराच्या फटफटीवर
अर्जुनीच्या फाटकापर्यंत फुकट जाते.
पेट्रोलचं विचारलं तर म्हणतो,
“राहू दे व आजी, दुधाचे कॅन त नेतोच.”
मी दोन कॅनच्या मध्ये,
कॅनइतकीच निमूट.

डोळ्यात टाकायचे थेंब गोंदियाला मिळतात,
महिन्यातून एकदा, सरकारी, फुकट.
फुकटची वस्तू आणायलाही पैसे लागतात
हे मला या वयात समजलं.

खिडकीतला जुना बाबू विचारायचा, “वय?”
मी पदर सावरून सांगायची, “साठ.”
कार्डावर जन्मतारीख एक जुलै,
आमच्या टोल्यावर निम्म्या लोकांची तीच,
गुरुजींनी एका बैठकीत सगळ्यांना जन्माला घातलं.
बायकांना तिकीट अर्धं, पुरुषांना अर्ध्याहून थोडं वर.
दसाराम रुसायचा,
“काहून गा बाबू, मी का कमी म्हातारा हाव?”
दर महिन्याला तोच विनोद,
आणि बाबू दर महिन्याला हसायचा.
दोघांचं मिळून जेमतेम एक तिकीट व्हायचं.
वाचलेल्याचे फुटाणे.
फुटाण्यांची सालं तो खिडकीतून एकेक सोडायचा,
जशी काही मोजून द्यायची आहेत वाऱ्याला.

मग ती बीमारी आली, तोंडाला फडकी बांधायची.
गाड्या थांबल्या.
पुढे गाड्या आल्या,
सवलत आली नाही.
दसारामही नाही.

आता नवा बाबू आहे. तो काचेकडे बघून म्हणतो,
“कुठं?”
वय विचारत नाही.
खरं सांगू, पैशापेक्षा तेच लागलं.
मागं एकदा न विचारताच मी म्हटलं, “सहासष्ट.”
तो म्हणाला, “पंधरा.”

दवाखाना बाराला आटोपतो.
एक्स्प्रेस दीडला, पॅसेंजर साडेचारला.
तीन तास बाकड्यावर बसायचे वीस रुपये.
रोवण्याच्या मजुरीपेक्षा कमी,
पण कंबर वाकत नाही, पाय कोरडे राहतात,
आणि मुकादम म्हणून एक कुत्रं असतं,
ते भाताच्या फडक्याकडे बघत राहतं.
ते वीस मी पदराच्या वेगळ्या गाठीत बांधते.

गाडीत खिडकी धरते. पिशवी शेजारी.
कोणी विचारलं, “येथी कोनी हाय का?”
तर लगेच नाही म्हणत नाही.
हिशेब करते.
एकटीचं पुरं तिकीट म्हणजे
तेव्हाचे आम्ही दोघं.
पैसे तेवढेच दिलेत,
मग थोडी जागा त्याची निघतेच की,
हिरडामालीपर्यंत तरी.

परवा गोंगल्याला एक बाई चढली,
डोक्यावर मासळीचं टोपलं, मागं एक पोट्टं.
तिनं काही विचारलं नाही, नुसती उभी राहिली.
टोपल्यातलं पाणी माझ्या पायावर टपकलं.
मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.
पोट्टं त्या जागेवर बसलं, पाय हलवत.
पलीकडच्या डब्यातून काळा कोट येताना दिसला
तशी ती त्याला म्हणाली,
“वाकून बस. कोनं इचारलं त चार सांगजो.”

काळा कोट आला.
कोणालाच काही न विचारता उतरून गेला.

पोट्टं हिरमुसलं.
मग माझ्या कानाला तोंड लावून म्हणालं,
“मी सात वर्साचा हाव.”

मी इकडंतिकडं बघितलं,
त्याच्या कानाला तोंड लावलं,
“सहासष्ट.”